व्यसन, अकरा छटा आणि एक पलंग

१ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

उठल्याउठल्या आज त्या चादरीची आठवण झाली. मी अकराची, बारकी सातची. मागच्या दारी वाळलेली मोठी चादर. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकाला टोक लावायचं. जवळ आलो की दर वेळी बारकी माझ्या नाकाला नाक घासायची. मध्येच तिने विचारलं, ताई, व्यसन म्हणजे काय गं? आई बाबांना रोज म्हणायची ना, तुम्हाला पेपरचं व्यसन लागलंय, त्यावरून. मला सांगता येईना. मी टोकं सोडली आणि शब्दकोश बघायला आत पळाले. चादर मोरीच्या पाण्यात. बोलणी खाल्ली बारकीने, कारण आई आली तेव्हा जागेवर तीच होती. मी अर्थ घेऊन परत आले तर ती नळाखाली चादर खळबळत होती. म्हणाली, आता नको.

ज्ञानाची ओढ मला तेव्हापासूनच.

आणि काल, त्रेपन्न वर्षांनी, तोच शब्द आपल्या पायांनी घरी आला! मराठी शब्दकोशाची नवी आवृत्ती निघते आहे. संपादकांचा फोन होता. (कॉलेजात माझ्याच लायब्ररीत बसायचा. पुस्तकं वेळेवर परत करायचा.) 'व्यसन' या शब्दाची नोंद लिहून द्याल का, बाई? आठ-दहा ओळी, वीस तारखेपर्यंत. या शब्दाकडे अलिप्तपणे बघू शकेल असं माणूस हवं असणार, म्हणून मला विचारलं. ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, संपादक विनोदी दिसतोय.

जुन्या आवृत्तीतली नोंद काढून पाहिली. 'व्यसन: १. (जुना अर्थ) संकट, वाईट वेळ. २. सोडू म्हटले तरी सुटत नाही अशी सवय. ३. (गौरवाने) एखाद्या गोष्टीचा अखंड ध्यास; उदा. विद्येचे व्यसन.' संपलं! चार ओळी! कुणा आळशी माणसाने पाट्या टाकल्या आहेत.

संकल्प: दहा तारखेला नोंद तयार. पंधराला मागची खोली रिकामी. बारकीचं गुडघ्याचं ऑपरेशन नऊला आहे. तिच्या घरी तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि ती एकटी. व्यायाम वगैरे धरून हॉस्पिटलमधून सत्तावीसला सोडतील, मग तीन महिने आमच्याकडे. मीच म्हटलं. तिने एवढंच मागितलं की पलंग खिडकीपाशी असावा.

खोलीत सध्या माझी दहा खोकी आहेत. तासाभराचं काम.

३ नोव्हेंबर

कामाला शिस्तीत सुरुवात. कॉन्व्हेंटमध्ये लायब्ररीच्या वयस्कर सिस्टरांनी शिकवलेली पद्धत मी आजवर सोडलेली नाही. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, ऐकलं तसं. खाली कोण, कधी. आधी नीट उतरवून घ्या, समजून घ्यायला आयुष्य पडलंय, असं त्या म्हणत. चिकाटीचं बक्षीस मला तीन वर्षं लागोपाठ. रिबिनी अजून आहेत.

ह्यांच्या जुन्या ड्रॉइंगच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू कापून दोनशे चिठ्ठ्या केल्या. हे ड्राफ्ट्समन होते, कागद उत्तम वापरायचे. एका कागदावर पूल होता. हे म्हणाले, तो पूल मला हवा होता. आता सांगून काय उपयोग?

ठरवलं: दिवसाला फक्त पाच चिठ्ठ्या. नोंद आठ ओळींची आहे, मला माझी मर्यादा कळते.

आजच्या: ४१. पहिला दिवस धरायचा नसतो.

५ नोव्हेंबर

केवढा इतिहास आहे या शब्दाला! मुळात संस्कृत. 'अस्' म्हणजे फेकणे, आधी 'वि' लागला की इतस्ततः फेकणे, विस्कटून टाकणे. तिथून अर्थ निघाला संकट. जुन्या काळी आप्तावर व्यसन आलं म्हणजे आप्त दारू पिऊ लागला असं नव्हे, त्याच्यावर वाईट वेळ आली. मग धावून जायचं असे. सवय हा अर्थ नंतरचा, आणि गौरवाचा त्याहून वेगळा.

पुढे राजांची अठरा व्यसनं मोजलेली आहेत. शिकार, जुगार हे ठीक. पण त्यात दुसऱ्याची उणीदुणी काढणं आहे, उगाच भटकणं आहे, आणि दिवसा झोपणं आहे! दुपारी अडीचला मुद्दाम आत जाऊन ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, चला, कुणीतरी राजा म्हटलं. आणि कूस बदलली.

चिठ्ठ्या: ६३. त्यातल्या नऊ ह्यांच्यावर, त्या सोडून देऊ.

७ नोव्हेंबर

खोकी कमी पडली. बुटांच्या दुकानात जाऊन नुसतं खोकं मागितलं. दुकानदार म्हणाला, बाई, खोक्यात बूट असतात. तपकिरी घेतले, एक नंबर लहान होते, पण त्या खोक्याचं झाकण फार घट्ट बसतं. घरी आल्यावर हे म्हणाले, घालून दाखव. म्हटलं, आत्ता नको, पाय सुजलेत.

बारकीचा फोन. खोली झाली का गं? म्हटलं, झाल्यातच जमा. ती म्हणाली, तुझं 'झाल्यातच जमा' म्हणजे कापड अजून दुकानात. काय बोलते ही! शिवणवर्गात चाळीस वर्षं मुलींना बोल लावून जीभ अशी झाली आहे. लगेच उतरवून घेतलं. तिच्या वाक्यांचं निळं खोकं वेगळंच आहे, तीस वर्षांचं.

९ नोव्हेंबर, हॉस्पिटल

बारकीला सकाळी आठला आत नेलं. नेताना तिने माझा हात धरला होता. मी दिवसभर बाहेर बाकावर. बहिणीचं कर्तव्य म्हणतात ते हेच. शेजारच्या बाईंच्या दिराला तंबाखूचं व्यसन, रिसेप्शनवरच्या मुलीला फोनचं, आणि वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, मला माणसांचं व्यसन आहे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा येते. हा अर्थ कुठल्याही कोशात नाही! मावशींना पुन्हा म्हणायला लावलं.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर बारकी काहीतरी पुटपुटली. 'व्यसन' नव्हतं त्यात, त्यामुळे नीट लक्ष गेलं नाही. मावशी म्हणाल्या, तुम्हालाच हाक मारत होत्या.

१० नोव्हेंबर

नोंद आज व्हायची होती. काल दिवस हॉस्पिटलात गेला, त्याला माझा इलाज नाही. शिवाय आता आठ ओळी लिहिणं म्हणजे शब्दावर अन्याय. चिठ्ठ्या ५८४.

१२ नोव्हेंबर

आज मोठी झेप. अर्थाच्या अकरा वेगवेगळ्या छटा निघाल्या. टेबल पुरेना म्हणून मागच्या खोलीतल्या पलंगावर अकरा ढीग मांडले. उशीपाशी 'संकट', पायथ्याशी 'लडिवाळ निंदा'. पलंगावर पहिल्यांदाच एवढं स्पष्ट चित्र दिसलं. पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, असा कागद दारावर चिकटवला.

हे दारात उभे राहून म्हणाले की बारकी कुठल्या छटेवर झोपणार? म्हटलं, अजून पंधरा दिवस आहेत, अहो. माणसाने वेळेचं नियोजन करावं, घाबरू नये.

१४ नोव्हेंबर

बारकीचा फोन, ऐन कामात. पण सोनं हाती लागलं. छटा अकरावी, चिठ्ठी क्रमांक ७३१. 'ताई, अगं सत्तावीसला नाही, आता सतरालाच सोडतायत मला, अकरा वाजता ये. आणि तुझं ते चिठ्ठ्यांचं व्यसन आवर आता.' तिला म्हटलं, थांब, पुन्हा सांग, लिहून घेते. तिने दोनदा सांगितलं. माझ्यासाठी ती किती करते! शेरा: निंदा आहे पण माया जास्त. 'आवर' या क्रियापदाबरोबरचा एकमेव दाखला. लाल खूण केली.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, बारकी काय म्हणत होती? म्हटलं, मजेत आहे. कधी सोडतायत? सत्तावीसला, किती वेळा सांगू.

१५ नोव्हेंबर

खोली आज रिकामी व्हायची होती. बारा दिवस हाताशी असताना ढीग हलवणं हा मूर्खपणा ठरेल. खोकी चौदा झाली आहेत, पण एकावर एक रचल्यामुळे जागा तेवढीच लागते.

मात्र फोनमुळे लक्ष विचलित होतं. संकल्प: रोज दहा ते चार फोन तपकिरी बुटांच्या खोक्यात, झाकण लावून. अशी शिस्त या वयात किती जणांना जमेल?

१७ नोव्हेंबर, रात्री ८

जे घडलं ते शांतपणे, क्रमाने लिहिते.

चार वाजता बेल वाजली. हे झोपले होते. दार उघडलं तर बारकी, वॉकर धरून, शेजारी वॉर्डातल्या मावशी, हातात पिशवी. बारकी म्हणाली, उघडलंस बाई दार, नशीब माझं. अकरापासून तीनपर्यंत ती रिसेप्शनच्या खुर्चीवर बसून होती. चौदा फोन केले. (झाकण खरंच घट्ट बसतं, आणि ह्यांचा फोन बंद होता.) शेवटी मावशींची ड्यूटी संपली, त्यांनी टॅक्सी केली.

मी म्हटलं, पण तू सत्तावीस म्हणाली होतीस. ती म्हणाली, गुरुवारी दोनदा सांगितलं, आणि तू लिहूनसुद्धा घेतलंस. म्हटलं, शक्य नाही, लिहिलं असतं तर माझ्याकडे असतं. आणि सिद्ध करायला आत गेले. पायथ्याचा ढीग, लाल खूण, चाळीस सेकंदांत चिठ्ठी हातात! एवढी चोख व्यवस्था कुठल्या लायब्ररीत नसेल. विजयाने बाहेर येऊन मोठ्याने वाचली.

'सतरालाच' पाशी आवाज जरा बसला.

हे डोळे चोळत येऊन उभे राहिले होते. मावशी म्हणाल्या, अक्षर छान आहे.

पलंग मोकळा करायला वीस मिनिटं मागितली. ढीग नुसते उचलून चालत नाही, क्रम राहायला हवा. हे म्हणाले, दोन हातांनी गोळा कर आणि टाक. मी म्हटलं, विस्कटेल. बारकी जेवणाच्या टेबलापाशी लाकडी खुर्चीवर. सोफा खाली आहे, नव्या गुडघ्याने उठता येत नाही. साडेसहा वाजले तेव्हा मी सातव्या छटेवर होते. साडेसहालाच तिने तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला, तिचं घर तळमजल्यावर आहे. ती गाडी घेऊन आली. जाताना बारकी म्हणाली, ताई, तू कर सावकाश.

तिला तिथेच जास्त सोयीचं वाटलं असणार.

१८ नोव्हेंबर

बारकी फोन उचलत नाही. रागावलेली नाही, विश्रांती घेत असेल.

सगळे ढीग खोक्यांत भरले. पलंग रिकामा आहे. त्याच्याकडे बघवत नाही.

२० नोव्हेंबर

आज नोंदीची शेवटची तारीख. ९१२ चिठ्ठ्या समोर घेऊन सकाळी सातला बसले. 'व्यसन' लिहिलं, दोन ठिपके दिले. बारा वाजेपर्यंत ठिपके नीट काळे केले.

बारकी फोन उचलत नाही. ह्यांचा उचलते. ह्यांच्याशी वीस मिनिटं बोलली. मी शेजारी चिठ्ठी-पेन न घेता उभी होते. हे म्हणाले, तिला म्हणे तिथे शिवणयंत्राच्या आवाजात छान झोप लागते, आणि म्हणाली, ताईला सांगू नका. म्हणून सांगतोय.

दुपारी हे झोपले नाहीत.

२२ नोव्हेंबर

त्या विद्यार्थिनीकडे जाऊन बारकीला भेटून आले. माफी मागायला नाही, सहज. निळं खोकं भेट म्हणून नेलं. तीस वर्षांतली तिची वाक्यं, तारीखवार. कोण कुणाला देतं अशी भेट?

कटिंगच्या टेबलाला लागून तिची खाट टाकलेली. चष्मा लावून ती एकेक चिठ्ठी वाचू लागली. 'एकटीसाठी कोण स्वयंपाक करतंय, चहात बिस्किटं बुडवली झालं.' खाली माझा शेरा: प्रश्नाच्या रूपात नकार. 'संध्याकाळी घर खायला उठतं गं.' शेरा: वाक्प्रचार, उत्तम दाखला. 'ताई, या रविवारी येतेस का?' शेरा: साधे वाक्य.

तिने चष्मा काढून विचारलं, मी हे म्हणाले तेव्हा तू काय म्हणालीस गं? चिठ्ठीवर नव्हतं. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, ही पद्धत आहे. मी पद्धत समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

मग एकाएकी बारकी हसत सुटली. पोटाला हात लावून, गुडघा धरून. म्हणाली, एक टाका चुकवला नाहीस बाई, नुसतं कापड जोडायचं विसरलीस. मला हसू येत नव्हतं, पण मीही हसले. वाक्य फार सुरेख होतं. पिशवीत पेन होतं. काढलं नाही.

निघताना तिला म्हटलं, येशील ना? ती म्हणाली, पलंगाचे चारही पाय दिसतील असा फोटो पाठव, मग बघू. माझा पाय निघेना. मग म्हणाली, सत्तावीसला ये, अकरा वाजता. लिहून घे. आणि मग माझ्याकडून तोंडी म्हणवून घेतलं, दोनदा.

२३ नोव्हेंबर

संपादकांचा फोन. वीस उलटली, आवृत्ती छपाईला गेली, जुनीच नोंद ठेवली. वाईट वाटून घेऊ नका, बाई, जुनी नोंद खरोखर चांगली आहे. मी म्हटलं, कुणा आळशी माणसाने लिहिलेली चार ओळींची नोंद, तुम्हाला चांगली वाटते?

ते म्हणाले की मूळ कार्ड माझ्यासमोर आहे, एकतीस वर्षांपूर्वीचं. खाली तुमचीच सही आहे.

मला आठवेना. अक्षर कसं आहे, विचारलं. म्हणाले, छान आहे. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, वाचू का? 'घाईत लिहिली आहे, क्षमस्व. बहिणीला घ्यायला स्टेशनवर जायचे आहे.'

मग आठवलं. बारकी त्या दिवशी दोन पिशव्या आणि शिवणयंत्र घेऊन कायमची या गावात राहायला आली होती. गाडी यायच्या आधी दहा मिनिटं मी घड्याळाखाली उभी होते. नोंद दुपारच्या जेवणानंतर अर्ध्या तासात उरकली होती.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघ, दुसरं काम नसलं की हातातलं वाढतं. मग स्वतःहून चहा करून आणला, आणि त्या पुलाबद्दल काही बोलले नाहीत.

२६ नोव्हेंबर

उद्या सत्तावीस. मी पहिल्यापासून सत्तावीसच म्हणत होते, हे इथे नमूद करून ठेवते.

पलंग खिडकीपाशी हलवला. फोटो पाठवला. बारकीचं उत्तर आलं की पलंग ओळखू आला नाही. आता कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन बदलायला वाव नको.

व्यसनाच्या ९१२ चिठ्ठ्या, चार खोकी: संपादकांना, पुढच्या आवृत्तीसाठी. ते नको म्हणाले नाहीत, जागा बघतो म्हणाले.

बाकीची खोकी: कॉलेजच्या लायब्ररीला. तिथली नवी मुलगी आनंदाने हो म्हणाली. तिने अजून ती पाहिलेली नाहीत.

'दिवसा झोपणे' ही चिठ्ठी: ह्यांना. फ्रेम करणार म्हणतात. पाठीमागे त्यांच्या पुलाचा एक खांब आहे, तोही त्यांचाच.

चिठ्ठी क्रमांक ७३१: कुणालाही नाही. माझ्या चष्म्याच्या घरात.

तपकिरी बूट, एक नंबर लहान: बारकीला. तिला अगदी बरोबर बसतील. मी तिच्यासाठीच घेतले होते असं म्हणायचं.

निळं खोकं: तिच्याकडेच आहे. परत मागायचं नाही.

टेबललॅम्प, खिडकी, रविवार: बारकीला.

कोऱ्या चिठ्ठ्या: ह्यांच्या कपाटात, कुलपात. किल्ली बारकीला. या वहीच्या मागच्या कव्हरात सात आहेत, त्या यात धरलेल्या नाहीत.

दोरीवरची मोठी चादर: दोन टोकं बारकीला, तिने बसूनच धरावीत. दोन मला. घडी घालताना तिने मध्येच काही विचारलं, तर माहीत नाही म्हणायचं आणि टोकं धरून ठेवायची.